अंगभर गाठी, पण हा कुष्ठरोग नव्हे

एखाद्याच्या चेहऱ्यावर, मानेवर, पाठीवर, हातांवर मऊ गाठी असतात. काही वाटाण्याएवढ्या, काही बोराएवढ्या, एखादी सुपारीएवढी. अशा माणसाच्या शेजारची बसमधली जागा गर्दीतही रिकामी राहते. हॉटेलातला पोऱ्या चहाचा कप लांबूनच सरकवतो. त्याच्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेले पाहुणे 'कळवतो' म्हणून जातात आणि कळवत नाहीत. वस्तीत कुजबुज सुरू होते की ह्याला कुष्ठरोग आहे, घरच्यांनी लपवून ठेवला आहे.

पुष्कळदा तो कुष्ठरोग नसतोच. ज्या आजारात अशा अनेक गाठी येतात त्याचे नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. नाव जिभेला जड आहे, म्हणून डॉक्टर मंडळी त्याच्या नेहमी आढळणाऱ्या प्रकाराला नुसते 'एनएफ-१' म्हणतात. साधारण तीन हजार जन्मांमागे एका मुलाला तो असतो. म्हणजे आजार दुर्मिळ खरा, पण एकट्या मुंबईचा हिशोब केला तरी अशी काही हजार माणसे भरतील. शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, एका टॉवेलने अंग पुसल्याने किंवा नवरा-बायकोच्या संबंधाने तो कोणालाही लागत नाही. तो संसर्गाचा रोगच नाही.

मग घोटाळा का होतो? कारण कुष्ठरोगाच्या एका प्रकारातही चेहऱ्यावर आणि कानाच्या पाळीवर गाठी येतात. फरक मात्र घरच्या घरीही थोडाफार जाणवतो. कुष्ठरोगात अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असतो आणि बहुधा तिथे स्पर्श कळत नाही, टोचलेले समजत नाही. एनएफचे डाग तपकिरी असतात आणि तिथे संवेदना शाबूत असते. बधिर चट्टा दिसला तर वाट न पाहता सरकारी दवाखान्यात जावे. तिथे कुष्ठरोगाचे औषध फुकट मिळते आणि रोग पूर्ण बरा होतो. इथे एक गोष्ट बोलून ठेवतो. 'आमच्याला कुष्ठरोग नाही हो' असे सांगताना आपण कुष्ठरोग्याला आणखी दूर लोटत असतो. २०१९ मध्ये संसदेने कायदा करून घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग काढून टाकला. समाजाच्या मनातून तो निघायला अजून वेळ लागेल असे दिसते.

एनएफच्या गाठी येतात कुठून? फ्रेडरिक फॉन रेक्लिंगहाउझेन या जर्मन वैद्यकतज्ज्ञाने १८८२ साली दाखवून दिले की त्या मज्जातंतूंच्या आवरणातून वाढतात. आपल्या शरीरात पेशींच्या वाढीला लगाम घालणारे एक प्रथिन असते. ते बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते त्या जनुकात बिघाड झाला की लगाम सैल पडतो आणि नसांभोवती गाठी धरतात. हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर आहे. ते १९९० साली सापडले.

तेव्हा ग्रहणाचा येथे काही संबंध नाही. पोटुशी असताना आईने ग्रहण पाळले नाही, विळीवर भाजी चिरली, म्हणून पोराच्या अंगावर डाग उठले, असे सासू सुनेला ऐकवते आणि सून ते जन्मभर मनाला लावून घेते. मागल्या जन्मीच्या पापाची गोष्ट सांगणारेही भेटतात. या दोन्ही गोष्टींना आपल्या घरात थारा नसावा. आईच्या हातून काहीही चुकलेले नसते. जवळजवळ निम्म्या रुग्णांच्या बाबतीत तर आई-बाप दोघांनाही हा आजार नसतो. बिघाड त्या मुलातच प्रथम झालेला असतो. उरलेल्या निम्म्यांत तो आईकडून किंवा बापाकडून आलेला असतो.

आता निदान कसे होते ते पाहू. अनेकांना वाटते की मोठ्या तपासण्या लागतील, हजारो रुपये जातील. तसे नाही. बहुतेक वेळा जाणता त्वचारोगतज्ज्ञ कपडे काढून, उजेडात, अंग नीट पाहूनच आजार ओळखतो. पहिली खूण म्हणजे डाग. दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे, सपाट, हाताला न लागणारे. आपल्या सावळ्या कातडीवर ते जास्त गडद दिसतात. जन्मतःच किंवा पहिल्या एक-दोन वर्षांत ते उमटतात. एखाददुसरा असा डाग धडधाकट माणसालाही असतो, त्याला आपण लासे म्हणतो, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पण मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरहून, म्हणजे अंदाजे तुरीच्या दाण्याहून, मोठे असे सहा किंवा अधिक डाग असतील तर डॉक्टरला दाखवलेच पाहिजे. वयात आलेल्यांसाठी हे माप दीड सेंटिमीटरचे धरतात. दुसरी खूण काखेत आणि जांघेत, जिथे ऊन लागत नाही तिथे, तिळासारखे बारीक ठिपके. हे बहुधा तीन ते पाच वर्षांच्या सुमारास दिसू लागतात. तिसरी खूण डोळ्यांच्या डॉक्टरला यंत्रातून दिसते : बुबुळावर बारीक उंचवटे. त्यांनी नजरेला काही होत नाही. चौथी म्हणजे गाठी. या मऊ गाठीवर बोटाने दाबले तर ती बटण काजात जावे तशी आत जाते आणि बोट काढले की वर येते. त्या बहुधा वयात येताना निघतात आणि बाळंतपणाच्या काळात वाढू शकतात. शिवाय आई किंवा बाप यांना हा आजार असणे हीही एक खूण मानतात. अशा दोन खुणा जुळल्या की बहुधा निदान झालेच. शंका राहिली तर रक्तातून जनुकाची तपासणी होते.

अंगावर एकच गाठ असेल तर मात्र एनएफच्या नावाने घाबरू नये. ती चरबीची गाठ असेल, चामखीळ असेल, नाहीतर कातडीखाली साचलेल्या घट्ट द्रवाची पिशवी असेल. दाखवावी आणि मोकळे व्हावे.

लग्नाचा प्रश्न टाळून चालणार नाही. एनएफ असलेल्या स्त्रीच्या किंवा पुरुषाच्या प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. नाणे फेकल्यासारखे. पहिल्याला झाला म्हणून दुसरे सुटेल असे नाही. ज्या मुलात हे जनुक उतरले नाही, ते आपल्या मुलांनाही देत नाही. म्हणजे गाठी असलेल्या भावाची निरोगी बहीण नाकारण्याला काडीचाही आधार नाही. आणि ज्याला आजार आहे त्यानेही बांधलेल्या बाह्यांआड तो लपवू नये. दोघांनी समजून-उमजून ठरवावे. बापाला नुसते डाग आणि मुलाला मोठी गाठ, असेही एकाच घरात घडते, कारण आजार किती तीव्र होईल हे आधी सांगता येत नाही.

शाळेची गोष्ट त्याहून महत्त्वाची वाटते. एनएफ असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना वाचन, गणित किंवा लक्ष देणे यांपैकी कशात तरी अडचण येते. मास्तर त्याला आळशी म्हणतात, बाप पट्टा काढतो, आणि पोर सातवीत शाळा सोडते. बुद्धी नसते असे नाही, शिकवण्याची रीत बदलावी लागते. मुलाच्या अंगावर डाग असतील तर वर्गशिक्षकांना भेटून हे सांगावे, पुढे बसवायला सांगावे, परीक्षेत वेळ वाढवून मागावा.

इंग्लंडमधल्या जोसेफ मेरिक या 'हत्ती माणसा'मुळे ह्या आजाराची भीती फार वाढली. १९०९ पासून त्याचे विद्रूप शरीर एनएफचे मानले गेले. १९८६ साली संशोधकांनी दाखवले की त्याचा आजार बहुधा अगदी वेगळा होता. पण तोवर कितीतरी आई-बापांनी आपले मूल असेच होणार म्हणून झोप घालवली होती.

औषधाचे म्हणाल तर आजार मुळापासून घालवणारे औषध अजून नाही. नडणारी गाठ शस्त्रक्रियेने किंवा लेझरने काढतात, नवीन येऊ शकतात. नसेच्या कडेने खोलवर पसरणाऱ्या मोठ्या गाठी, ज्या काढता येत नाहीत, त्यांच्यावर सेलुमेटिनिब नावाच्या गोळीला अमेरिकेत २०२० साली मुलांसाठी मान्यता मिळाली. ती कातडीवरच्या लहान गाठींसाठी नाही आणि किंमत आपल्या घरांना झेपणारी नाही. म्हणून कोणी 'गॅरंटीने गाठी घालवतो' म्हणाला तर पैसे देऊ नका. चुना-सोडा लावणे, घोड्याच्या केसाने बांधणे, भगताकडून कापून घेणे यांत जखम चिघळते, आणि मोठ्या गाठीतून रक्त थांबता थांबत नाही.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात, पण नजर ठेवावी लागते. वर्षातून एकदा रक्तदाब तपासून घ्यावा. मुलांचे डोळे दर वर्षी दाखवावेत, पाठीचा कणा आणि नडगीचे हाड वाकते का ते पाहावे. स्त्रियांनी तिशीपासूनच स्तनांची तपासणी सुरू करावी. एखादी गाठ झपाट्याने वाढू लागली, मऊ होती ती कडक झाली, रात्रीची झोप मोडण्याइतकी दुखू लागली, किंवा हातापायात ताकद कमी वाटू लागली तर त्याच आठवड्यात मोठ्या सरकारी रुग्णालयात जावे. अशा गाठीत क्वचित कर्करोग शिरलेला असतो. मुंबईत केईएम रुग्णालय हे २०२१ च्या दुर्मिळ आजार धोरणाखाली नेमलेल्या केंद्रांपैकी एक आहे. जाताना जुने केसपेपर बरोबर घ्या, आणि मोठ्या गाठीचा दर वर्षी शेजारी फूटपट्टी धरून फोटो काढून ठेवा. गाठ वाढली की नाही हे डॉक्टरला त्यावरून लगेच कळते.