बंधाऱ्याच्या फुगवट्यावर उभे राहिलेले बोट हाउस

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमालगत अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (सीओईपी) बोट हाउस आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेला येथील बोट क्लब आता शताब्दीच्या उंबरठ्यावर आहे. उन्हाळ्यात पात्रातील खडक उघडे पडावेत, अशा दख्खनच्या नदीवर नौकानयनाची परंपरा रुजली कशी, या प्रश्नाचे उत्तर मात्र संगमावर नाही. ते प्रवाहाच्या खालच्या बाजूस, येरवड्याजवळच्या जुन्या बंधाऱ्यात आहे.

देणगीतून बंधारा
पुण्याच्या लष्कर भागाला पाणी मिळावे, या हेतूने मुळा-मुठेवर हा दगडी बंधारा बांधण्यात आला. १८५० मध्ये पूर्ण झालेल्या या कामासाठी सुमारे अडीच लाख रुपये खर्च आला. त्यातील मोठा वाटा मुंबईचे दानशूर व्यापारी सर जमशेटजी जिजीभॉय यांनी उचलला. बंडगार्डन या नावातील ‘बंड’ म्हणजे उठाव नव्हे, तर हाच बंधारा होय. पुढे १८७९ मध्ये खडकवासला धरण पूर्ण झाले आणि पिण्याच्या पाण्यासाठी या बंधाऱ्यावर विसंबण्याची गरज कमी होत गेली. परंतु, त्याने अडवलेल्या पाण्याचा फुगवटा थेट संगमापर्यंत कायम राहिला. वल्ही मारण्यास लागणारे संथ आणि पुरेसे खोल पाणी शहराला त्यातूनच लाभले.

साहेबांपासून विद्यार्थ्यांपर्यंत
या पाण्याचा पहिला लाभ घेतला तो ब्रिटिशांनी. आज रॉयल कनॉट बोट क्लब म्हणून ओळखला जाणारा क्लब १८६८ मधला. मुंबई इलाख्याच्या सैन्याचे प्रमुख असलेल्या ड्यूक ऑफ कनॉट यांचे नाव त्याला मिळाले. ‘बोट क्लब रोड’ ही त्याचीच खूण. १८५४ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात बोट क्लब स्थापन झाला आणि नौकानयन विद्यार्थ्यांच्या हाती आले. तेथील ‘रिगाटा’ या वार्षिक महोत्सवात कयाक, पंट आणि शर्यतीच्या लांब नौकांच्या रचना विद्यार्थी स्वतः बसवतात. एरवी पुलावरून नाक दाबून जाणारे पुणेकर त्या संध्याकाळी मात्र नदीकडे तोंड करून बसतात.

संथ पाण्याची दुसरी बाजू
ज्या संथ पाण्यामुळे नौका चालतात, त्याच पाण्यात जलपर्णीही फोफावते. प्रक्रिया न होता नदीत येणाऱ्या मैलापाण्यातील नत्र आणि स्फुरद हे तिचे खाद्य. तिचा थर दाटला, की वल्ही अडकतात, सूर्यप्रकाश पाण्यात पोचत नाही आणि पाण्यातील प्राणवायू घटतो. बंधाऱ्यामागे साठणारा गाळ पात्राची खोली कमी करतो. सरावाआधी पात्र मोकळे करणे, हा त्यामुळे येथील नौकानयनाचा अघोषित भागच होऊन बसला.

मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या ‘जायका’ संस्थेच्या अर्थसाह्याने सुमारे ९९० कोटी रुपयांचा प्रकल्प २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यात ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा समावेश आहे. त्याशिवाय, सुमारे ४४ किलोमीटर लांबीच्या नदीकाठ विकसन प्रकल्पाचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. या प्रकल्पावर पर्यावरणप्रेमींचा आक्षेप आहे. काठ सुशोभित करण्याआधी पाणी शुद्ध करा, असे त्यांचे म्हणणे आहे.

बोट हाउसचा इतिहास या वादाला एक साधी कसोटी पुरवतो. हा बंधारा बांधला गेला, तो लोकांना हे पाणी पिता यावे म्हणून. आज त्याच पाण्यात वल्ह्याचे शिंतोडे अंगावर आले, तर विद्यार्थ्याला आधी नळ शोधावा लागतो. काठ कितीही देखणा झाला, तरी पाण्यात उतरण्याची भीती जात नाही तोवर नदी शहराला परत मिळाली, असे म्हणता येणार नाही.