राजसत्ता आणि वार्ता : लेखांक सातवा – झरोका मिटल्यानंतर

सावेडीहून निघून सारे नगर शहर ओलांडले, म्हणजे भिंगारच्या बाजूस आलमगीर या नावाने ओळखली जाणारी जागा लागते. ३ मार्च १७०७ रोजी सकाळी, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी, औरंगजेबाने याच परिसरातील छावणीत देह ठेवला. मी तेथे अनेकदा जातो आणि दर वेळी मनात एकच प्रश्न येतो : त्या सकाळी बादशहा गेला हे कोणाला कळले, केव्हा कळले, आणि ज्यांना कळले त्यांनी ते खरे कशावरून मानले?

गेल्या लेखांकात आपण इ. स. १४ च्या ऑगस्टात नोला गावी होतो. रोमचा सम्राट ऑगस्टस मरणशय्येवर असता त्याची पत्नी लिव्हिया हिने घरावर आणि रस्त्यांवर पहारे बसविले, प्रकृतीस उतार पडत असल्याच्या वार्ता मुद्दाम बाहेर सोडल्या, आणि मृत्यू व वारस टायबेरियसची सत्ता या दोन्ही गोष्टी लोकांच्या कानी एकदमच घातल्या, असे इतिहासकार तॅसिटस सांगतो. पुढे दोनच वर्षांनी त्याची फळे दिसली. ऑगस्टसचा नातू अग्रिप्पा याला नव्या राजवटीच्या आरंभीच एका बेटावर ठार करण्यात आले होते. त्याचाच क्लेमेन्स नावाचा एक गुलाम, अग्रिप्पा जिवंत असल्याची कंडी पिकवून, स्वतःच अग्रिप्पा म्हणून फिरू लागला. तो अंधार पडता पडता गावात येई आणि कोणी निरखून पाहण्याच्या आत पुढे निघून जाई. लोकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला यात मला त्यांचा भोळेपणा दिसत नाही. ज्या सरकारने खऱ्या मृत्यूची वार्ता दडवून ठेवली, त्याच सरकारने सांगितलेला दुसरा मृत्यू त्यांनी काय म्हणून खरा मानावा?

मोगल दरबारात बादशहा हयात आहे याची ग्वाही देणारी एक साधी रीत होती. रोज प्रातःकाळी बादशहा झरोक्यात उभा राही आणि खाली जमलेली रयत त्याला डोळ्यांनी पाही. दर्शन झाल्याखेरीज अन्नाला न शिवणारेही काही लोक होते. १६५७ च्या सप्टेंबरात शहाजहान आजारी पडला, झरोका रिता राहिला, आणि बादशहा वारल्याची आवई उठली. त्याचा थोरला मुलगा दारा याने वाटा रोखल्या, पत्रे अडविली, भावांच्या वकिलांवर चौक्या बसविल्या. म्हणजे लिव्हियाने जे केले तेच केले. बंदोबस्त जितका कडक झाला तितकी मृत्यूची शंका बळावली, आणि दख्खनेत बसलेल्या औरंगजेबाने त्या शंकेचाच आधार घेऊन उत्तरेकडे कूच केले. शहाजहान त्यानंतर आठ वर्षांहून अधिक काळ जगला, तो आग्र्याच्या किल्ल्यात कैदी म्हणून.

ज्याला अफवेने सिंहासनाची वाट मोकळी करून दिली, त्याच औरंगजेबाने पुढे दहा-अकरा वर्षांनी, धर्मास संमत नाही म्हणून, झरोक्याचे दर्शन बंद केले. स्वतःला मात्र वार्ता हव्यात म्हणून त्याने जी व्यवस्था राबविली, तिच्या तोडीची दुसरी त्या काळी क्वचितच आढळेल. सुभ्यासुभ्यांत वाकेनवीस होते. ते उघडपणे लिहीत. त्यांच्यावर नजर ठेवण्यास खुफियानवीस होते. ते कोण हे सुभेदारासही ठाऊक नसावे अशी योजना असे. हरकारे तोंडी बातमी आणीत, आणि हा सारा मजकूर डाकचौकीच्या दरोग्यामार्फत हुजुरात पोहोचे. राजेरजवाड्यांचे वकील दरबारातील घडामोडींचे अखबार लिहून आपल्या धन्यांकडे रवाना करीत. आंबेरच्या वकिलांनी पाठविलेल्या अशा कागदांचा मोठा संग्रह शिल्लक राहिला आणि जदुनाथ सरकारांना औरंगजेबाचा इतिहास लिहिताना त्याचा फार उपयोग झाला. कागदाच्या लहान लहान पट्ट्यांवर घाईच्या फारसी लिपीत लिहिलेला हा मजकूर : आज स्वारी कोठे गेली, कोणास खिलत मिळाली, कोणाची मनसब घटली. परंतु वार्तेचा हा सारा ओघ सिंहासनाकडे आणि धनिकांच्या देवड्यांकडे वाहणारा होता. बाजारात, शेतात, पायदळाच्या राहुट्यांत या पट्ट्यांपैकी एकही पोहोचत नव्हती. तेथे भुमकाच चालत.

१७०५ साली वागिणगेऱ्याच्या वेढ्यानंतर देवापूरच्या मुक्कामी बादशहाला जबर दुखणे जडले, तेव्हा या उणिवेचा प्रत्यय त्यालाच आला. शत्रूच्या मुलखात धनी गेला तर आपली गत काय, या धास्तीने सारी छावणी हवालदिल झाली. अखेर त्या वृद्धाला वेदना सोशीत, उसने बळ आणून, लोकांपुढे यावे लागले. झरोका बंद केला तरी झरोक्याची गरज संपली नव्हती. जानेवारी १७०६ मध्ये तो नगरास आला आणि येथून पुन्हा हलला नाही.

मृत्यूच्या थोडे दिवस आधी त्याने आपल्या मुलांपैकी कामबक्षाची विजापूरकडे आणि आझमाची माळव्याकडे रवानगी केली होती. आझम फार दूर गेला नव्हता. निरोप मिळताच तो परतला आणि त्याने नगरासच आपली द्वाही फिरविली. त्यांचा भाऊ मुअज्जम होता पेशावरच्या पलीकडे जमरूदला.

या गडबडीतच संभाजीराजांचा मुलगा शाहू याची मोगलांच्या कैदेतून सुटका झाली. रायगड पडला तेव्हा, १६८९ साली, तो सात वर्षांचा होता. मे १७०७ मध्ये माळव्यात मोगली तळावरून निघाला तेव्हा पंचवीस वर्षांचा. मधल्या साडेसतरा वर्षांत महाराष्ट्रातील किती जणांनी त्याला पाहिले असेल? मातोश्री येसूबाई, जिच्या एका शब्दाने ओळख पटली असती, ती ओलीस म्हणून मागेच ठेवलेली. मराठ्यांचे राज्य चालविणाऱ्या त्याच्या चुलती ताराबाई यांनी जाहीर केले की हा शाहू नव्हे, तोतया आहे. ताराबाईंचे शौर्य आणि कर्तृत्व मी मनापासून मानतो. पण हा आरोप त्यांनी करावयास नको होता, असेच माझे मत आहे. रोममध्ये खोटा राजपुत्र खरा ठरू पाहत होता, येथे खरा राजपुत्र खोटा ठरू लागला. आणि दोन्हीकडे अडचण एकच, सामान्य माणसाजवळ पारखण्याची कसोटी नव्हती.

ती कसोटी अखेर कोणत्याही दफ्तरातून निघाली नाही. परसोजी भोसले खानदेशात येऊन शाहूला मिळाले आणि सर्वांसमक्ष त्याच्या ताटात जेवले. एका ताटातले अन्न : ज्याचे कूळ संशयित त्याच्या पंक्तीस इभ्रतीचा मराठा सरदार बसणार नाही, एवढे न शिकलेल्या शिलेदारालाही समजत होते. पुढे ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधव यांनी खातरजमेचे काम बाळाजी विश्वनाथांवर सोपविले, आणि ऑक्टोबरात भीमाकाठी खेडला लढाई उभी राहिली तेव्हा धनाजी शाहूकडे आले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यास शाहूला राज्याभिषेक झाला.

पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिलेला तोतया, आणि अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे न उतरविलेल्या त्यांच्या पत्नी पार्वतीबाई, यांच्याविषयी पुढील आठवड्यात.