पोर्टफोलिओत गंजिफा

डिझाइनच्या मुलांना इंटर्नशिप मिळते ती पोर्टफोलिओच्या जोरावर. पण त्यात नुसती गुळगुळीत पोस्टरं भरून भागत नाही. कच्ची रेखाटनं कुठे फसली, मग काय बदललं, हे मुलाखतीत हमखास विचारतात.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते, बनतात; तिथे अशा चुका-सुधारणांची चांगली शिकवणी होते. दशावतारी गंजिफात 10 रंगांची 120 गोल पानं. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत 10 पानं. मत्स्य आणि कूर्म या अवतारांच्या रंगांची पानं हातात धरताक्षणी वेगळी ओळखू यायला हवीत. मोबाइलवरच्या आयकॉनची अट तरी याहून वेगळी काय असते?

कुडाळजवळच्या पिंगुळीत चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आहे. तिथले कलावंत परशुराम गंगावणे यांना 2021मध्ये पद्मश्री मिळाली. अशा ठिकाणी बसून केलेलं काम अर्जाच्या पीडीएफमध्ये घालावं, कारागिराच्या नावासकट.