बाळंतवेणा आणि अफूच्या कुळांतील औषधें



बाळंतपणाच्या वेणा हा विषय घराच्या माजघरांत, सासू, जाऊ आणि सुईण यांच्यापुरताच बोलावयाचा, अशी आपल्याकडील रीत आहे. नभोवाणीवरून त्यावर भाषण व्हावें हें कांहींना चमत्कारिक वाटेल. परंतु आमच्या बीड जिल्ह्यांतील बहुतेक स्त्रिया आतां घरीं बाळंत होत नाहींत, दवाखान्यांत होतात. आणि तेथें आपल्याला टोचलेली सुई कशाची होती, असें विचारलें तर फार थोड्या जणींना उत्तर देतां येतें. वेणा कमी करणारी सुई आणि वेणा वाढविणारी सुई यांतील भेदहि पुष्कळींना ठाऊक नसतो. त्यांपैकीं पहिल्या सुईविषयीं मी आज बोलणार आहें.

गेवराईकडील एका बाईनें मला आपल्या दोन बाळंतपणांची हकीकत सांगितली होती. पहिल्या खेपेस रात्रभर कळा देऊन ती अगदीं थकून गेली होती. पहांटेच्या सुमारास तिला इंजेक्शन मिळालें आणि दोन कळांच्या मधल्या वेळांत तिचा डोळा लागूं लागला. ती म्हणाली, “ताई, कळ येतच व्हती, पण ती शेजारच्या खाटेवरल्या बाईला येतीय असं वाटायचं.” दुसऱ्या खेपेस, दुसऱ्या एका दवाखान्यांत, कोणीं कांहीं न सांगतां तसेंच इंजेक्शन दिलें. तेव्हां तिला ओकाऱ्या झाल्या, डोकें जड झालें, डोळे उघडवेनात, आणि मूल रडलें तो क्षण तिला आठवतच नाहीं. “लेकरू माझंच का दुसऱ्याचं, असं दोन दिस वाटत व्हतं,” हे तिचे शब्द. बाई तीच, औषधहि बहुधा त्याच जातीचें, आणि अनुभव मात्र इतका भिन्न! असें कां व्हावें, हें समजण्यासाठीं प्रथम या औषधांची ओळख करून घेतली पाहिजे.

हीं औषधें अफूच्या कुळांतलीं. खसखशीच्या कच्च्या बोंडाला चीर पाडली असतां जो चीक निघतो तो वाळला म्हणजे अफू होते, हें आपण जाणतांच. १९ व्या शतकाच्या आरंभीं सेर्ट्युर्नर नांवाच्या एका जर्मन औषधविक्रेत्यानें अफूंतून मॉर्फिन हें द्रव्य वेगळें काढलें. पुढें १९३९ च्या सुमारास जर्मनींतच पेथिडीन हें औषध प्रयोगशाळेंत तयार झालें. तें बोंडांतून निघत नाहीं, तरी अंगांत गेल्यावर कार्य अफूसारखेंच करतें. थोड्याच वर्षांत तें प्रसूतिगृहांत शिरलें, आणि १९५० पासून इंग्लंडांतील शिकलेल्या सुइणींना तें स्वतःच्या जबाबदारीवर देण्याची मुभा मिळाली. आपल्याकडे या कामीं वापरलीं जाणारीं ट्रॅमाडॉल व पेंटाझोसिन हीं त्याच गोतावळ्यांतलीं होत.

मेंदूंत आणि पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत कांहीं ठराविक जागा अशा आहेत कीं, शरीर स्वतः निर्माण करतें तीं वेदनाशामक द्रव्यें तेथें जाऊन बसतात. अफूच्या कुळांतील औषधें त्याच जागा पटकावतात. गर्भाशयाचें आकुंचन चालूच राहतें. तें थांबलें तर मूल बाहेर येणार कसें? वेदनेची वार्ताहि मेंदूपर्यंत पोंचते, पण तिची धार बोथट होते आणि तिच्याबरोबर येणारी घबराट ओसरते. घणाचे घाव पडतच असतात, ऐकणाराच्या कानांत तेवढा कापूस घातला जातो, असें म्हटलें तरी चालेल. कमरेंतील मणक्यांच्या फटींतून बारीक नळी घालून औषध देण्याची जी एपिड्यूरलची रीत आहे ती निराळी. ती वेदनेची वाटच अडवते. ‘सुई दिली म्हणजे दुखणार नाहीं’ अशा समजुतीनें इंजेक्शन घेणारीची म्हणून निराशा होते, आणि ‘थोडा विसावा मिळेल’ एवढीच अपेक्षा ठेवणारी पुष्कळदां समाधान पावते.

हें केवळ माझें मत नव्हे. जगभरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेनें २०१८ सालीं आठ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली. औषध घेतल्यानंतर तास-दोन तासांनींहि वेदना मध्यम किंवा तीव्र असल्याचें सांगणाऱ्या स्त्रियांचें प्रमाण दोनतृतीयांशांपर्यंत होतें. तरी त्यांतील बऱ्याच जणी मिळालेल्या उपायाविषयीं बऱ्यापैकीं समाधानी होत्या. मळमळ, ओकारी व गुंगी यांच्या तक्रारीहि पुष्कळ होत्या. त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें सुमारे चारशें स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगांत पेथिडीन घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकीं ४१ जणींना पुढें एपिड्यूरल घ्यावें लागलें. रेमिफेंटानिल हें अल्पकाळ टिकणारें औषध, स्वतःच्या हातांतील बटण दाबून, शिरेवाटे घेणाऱ्यांत तें प्रमाण १९ वर आलें. मात्र त्या स्त्रियांच्या रक्तांतील प्राणवायु अधिक वेळां उतरला, म्हणून प्रत्येकीजवळ एक परिचारिका सतत बसून राहावी लागते. आपल्या तालुक्याच्या गांवीं एकाच रात्रीं एका सिस्टरकडे चार-चार बाया असतात. तेथें हें कसें साधावें?

वेदना आणि वेदनेची आठवण या दोन वस्तु आहेत, हें एका जुन्या प्रकरणावरून स्पष्ट दिसतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें क्रोनिग आणि गाउस या डॉक्टरांनीं मॉर्फिनच्या जोडीला स्कोपोलामिन देण्याची रीत प्रचारांत आणली. तिला ‘संधिप्रकाशाची निद्रा’ असें काव्यमय नांव मिळालें. १९१४ मध्यें अमेरिकन स्त्रियांनीं ती आपल्याला मिळावी म्हणून सभा भरविल्या, चळवळ केली. वास्तविक त्या निद्रेंत स्त्रिया तळमळत, किंचाळतहि. कांहींना तर खाटेला जखडून ठेवावें लागे. फक्त जागें झाल्यावर त्यांना कांहीं आठवत नसे. आपल्या वेदनांना इलाज हवा अशी त्या स्त्रियांची मागणी मला सर्वस्वी न्याय्य वाटते; तिच्या बदल्यांत त्यांना विस्मरण देण्यांत आलें.

आपला प्रांत या इतिहासापासून अगदींच दूर नव्हता. एडिंबरोस सिम्पसन यांनीं १८४७ सालीं प्रसूतींत प्रथम ईथर आणि मग क्लोरोफॉर्म वापरला, आणि १८५३ सालीं व्हिक्टोरिया राणीनें तो स्वतः घेतल्यावर टीकाकारांचीं तोंडें बरींचशीं बंद झालीं. पुढें १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मच्या धोक्यांची चौकशी करण्यासाठीं जीं दोन कमिशनें बसलीं तीं लंडनमध्यें नव्हे, हैदराबादेस; आणि खर्च निजाम सरकारचा. बीड तेव्हां त्याच राज्यांत होतें. त्या कामांत रूपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणीचा सहभाग होता. भूल देण्याचें शास्त्र शिकलेल्या जगांतील अगदीं आरंभींच्या स्त्रियांमध्यें त्यांची गणना होते. नाडीपेक्षां श्वासाकडे लक्ष ठेवा, असा कमिशनचा निष्कर्ष होता. क्लोरोफॉर्मच्या बाबतींत तो पुढें अपुरा ठरला, पण अफूच्या औषधांना तो तंतोतंत लागू पडतो.

कारण या औषधांचा खरा धोका श्वासालाच आहे, आणि तो आईपेक्षां मुलाला अधिक. औषध वार ओलांडून मुलाच्या रक्तांत जातें. पेथिडीनचें इंजेक्शन स्नायूंत दिल्यावर सुमारे २० मिनिटांत गुण येऊं लागतो आणि तो दोन ते चार तास टिकतो. मुलाच्या अंगांतील औषध मात्र दोन-तीन तासांनीं सर्वाधिक होतें. नेमक्या त्याच वेळीं मूल जन्मलें तर तें सुस्त असूं शकतें, लवकर रडत नाहीं, स्तन नीट ओढत नाहीं. पेथिडीनपासून होणारें एक द्रव्य नवजात मुलाच्या अंगांतून जावयास तर कांहीं दिवस लागतात. नॅलोक्सोन हें उतारा म्हणून औषध आहे. मुलाला श्वास देण्याची पिशवी आणि ती वापरणारा हात जवळ असला म्हणजे भय बरेंच कमी होतें. पूर्वीं कामावर जाणाऱ्या आया मुलांना निजविण्यासाठीं अफूची गोळी चाटवीत; ती घातक चाल आणि डॉक्टरानें मोजून दिलेलें एखादें इंजेक्शन यांची गल्लत करूं नये. अशा एक-दोन इंजेक्शनांनीं बाळंतिणीला व्यसन लागत नाहीं.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. अंबाजोगाईस १९७४ पासून ग्रामीण भागासाठीं काढलेलें वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. एपिड्यूरलसाठीं मात्र रात्रंदिवस भूलतज्ज्ञ हाताशीं लागतो, आणि तो शस्त्रक्रियांनाच पुरत नाहीं. राहिलीं इंजेक्शनें. त्यांची कथा कायद्याशीं जोडलेली आहे. १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा आल्यावर परवान्यांच्या जंजाळामुळें देशांतील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर बारा वर्षांत ९० टक्क्यांहूनहि अधिक घटला. २०१४ च्या दुरुस्तीनें मॉर्फिन, फेंटानिल आदि औषधांची वाट थोडी मोकळी झाली; २०१८ मध्यें ट्रॅमाडॉलहि कायद्याच्या कक्षेंत आलें. दुरुपयोग रोखलाच पाहिजे, यांत वाद नाहीं. पण त्याचा भार खाटेवर तळमळणाऱ्या बाईनें कां वाहावा?

आणि तिच्याकडे मागण्याची जीभ तरी आहे काय? दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडील हजारों जोडपीं मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत ऊस तोडावयास जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापले जातात. भरल्या दिवसांची बाईहि फडांत मोळ्या उचलते. पोट दुखतें हें सांगावयाचें नाहीं, सांगितलें तर काम बुडतें, हा धडा ती लग्नानंतरच्या पहिल्या हंगामांतच गिरवते. २०१९ सालीं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढें जी माहिती आली तींत जिल्ह्यांतील सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक जणींचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. इतकें भोगलेल्या आयाबहिणींच्या लेकी-सुना प्रसूतिगृहांत येतात, तेव्हां ‘दुखतंय’ म्हणणें हाच त्यांना अपराध वाटतो. त्यांत भर म्हणून कोणी दरडावलें, कीं तोंडांत पदराचा बोळा कोंबून त्या गप्प राहतात. पुष्कळ जणी पोंचतातहि अगदीं शेवटच्या घटकेला; तेव्हां हें इंजेक्शन देणें योग्य नसतें, आणि डॉक्टर देत नाहींत तें मुलाच्या हिताचेंच असतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ सालीं निरोगी गर्भवतीला एपिड्यूरल किंवा अफूच्या कुळांतील इंजेक्शन द्यावें असें सुचविलें आहे, तें ‘मागणाऱ्या’ स्त्रीसाठीं, तिच्या पसंतीनें. मागण्यासाठीं आधीं ठाऊक असावें लागतें, आणि कळा सुरू झाल्यावर कांहीं समजावून घेण्याइतकें चित्त ठिकाणावर नसतें. म्हणून माझें सांगणें असें कीं, दर महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची जी तपासणी होते, तेथें सातव्या-आठव्या महिन्यांतच हा विषय काढावा. वेणा कमी करण्याचें कोणतें औषध येथें मिळतें, तें कोणत्या वेळेपर्यंत देतां येतें, त्यानें मला ओकारी-गुंगी कितपत येईल, आणि मूल सुस्त निघालें तर तुमच्याजवळ काय सोय आहे, एवढें विचारलें तरी पुरें. डॉक्टरांना विचारावयास संकोच वाटला तर आशाताईंना विचारावें. प्रत्यक्ष खाटेवर सुई टोचतांनाहि ‘ही कळा वाढविण्याची कीं दुखणें कमी करण्याची?’ हा एक प्रश्न विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. कळा वाढविण्यासाठीं ऑक्सिटोसिन देतात. त्यानें दुखणें वाढतें, आणि ‘सुई घेऊन उलट जास्तच दुखलं’ ही तक्रार पुष्कळदां तेथूनच निघते.

गेवराईच्या त्या बाईच्या दोन अनुभवांचें कोडें आतां बरेंचसें उलगडतें. मात्रा किती होती, जोडीला झोंपेचें औषध होतें काय, मूल जन्मण्याच्या किती आधीं तें दिलें, यांवर पुष्कळ अवलंबून असतें. पण तिनें स्वतः सांगितलेलें कारण निराळेंच होतें. पहिल्या खेपेस तिची आई उशाशीं होती, आणि सिस्टरनें सुई देण्याआधीं ‘आतां गुंगी येईल, भिऊं नको’ असें बजावलें होतें. दुसऱ्या खेपेस ती एकटीच होती. सरकारनें २०१६ पासून प्रसूतीच्या वेळीं एका सोबतिणीला जवळ राहूं देण्याची सूचना दिली आहे. सतत सोबत लाभलेल्या स्त्रियांना वेदनाशामक औषध कमी लागतें, असेंहि आढळून आलें आहे. तेव्हां सासू असो, आई असो वा बहीण, तिनें आंत जाण्याचा आग्रह धरावा. इंजेक्शन दिल्यावर बाळंतिणीला एकटीनें खाटेवरून उतरूं देऊं नये. आणि भिंतीवरच्या घड्याळांत किती वाजले आहेत तें पाहून ती वेळ एखाद्या चिठ्ठीवर लिहून ठेवावी. लिहितां येत नसेल तर सिस्टरकडून लिहून घ्यावी. तेथून दुसऱ्या दवाखान्यांत हलविण्याचा प्रसंग आला, तर मूल हातीं घेणारे डॉक्टर पहिल्यानें तीच वेळ विचारतील.