पाटीवर आणखी एक पदवी लावण्याआधी

दिवसा एखाद्या पेढीवर किंवा कंपनीत हिशेब, संध्याकाळी चार-सहा पार्ट्यांची रिटर्नं. अशी पाच-सात वर्षं काढलेला बीकॉम अकाउंटंट एका टप्प्यावर हमखास विचारतो : "जीएसटी प्रॅक्टिशनर करू का? की ते अमेरिकेचं ईए? की काहीच नको?" प्रश्न मनापासूनचा असतो, पण त्याला मिळणारी उत्तरं बहुतेक ऐकीव असतात. क्लासवाले एक सांगतात, ऑफिसातले सीनियर दुसरं, आणि कायद्यात तिसरंच लिहिलेलं असतं. माझ्याकडे हा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एवढंच विचारतो, की या कागदाने तुला कायद्याने नेमकं काय करता येणार आहे, जे आज करता येत नाही? या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसलं की कानावर आलेल्या बऱ्याच गोष्टी गळून पडतात.

गैरसमज : प्रमाणपत्र नसेल तर रिटर्नचं काम करणं बेकायदा आहे.

तुम्ही एखाद्या फर्मचे पगारी अकाउंटंट असाल तर तिची रिटर्नं तयार करायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 116 प्रमाणे अधिकाऱ्यापुढे बाजू मांडायला करदात्याचा नियमित कर्मचारीही अधिकृत प्रतिनिधी म्हणून जाऊ शकतो. आयकरातही 1961च्या कायद्याच्या कलम 288 मध्ये हीच सोय होती. त्या कायद्याची जागा 1 एप्रिल 2026 पासून 2025च्या आयकर कायद्याने घेतली, त्यामुळे कलमांचे जुने आकडे पाठ असणाऱ्यांना ते नव्याने पाहावे लागतील. एकाच मालकाकडे नोकरी आहे आणि तीच पुढेही करायची आहे, असं असेल तर केवळ भीतीपोटी परीक्षेला बसू नका.

प्रश्न बाहेरच्या पार्ट्यांचा आहे. तिथे आपल्याकडे एक सवय इतकी रुळली आहे की ती कुणाला खटकतही नाही. पार्टीचा युजर आयडी आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहिलेला असतो. वीस तारीख आली की फोन लावायचा, "शेठ, ओटीपी आलाय बघा, सांगता का?" शेठ बाजारात, मोबाइल मुलाकडे, मुलगा कॉलेजात. असं करत थ्रीबी रात्री अकराला जातं, आणि पोर्टलवर नोंद राहते ती शेठने स्वतः भरल्याची. काम तुम्ही केलं, पण कागदोपत्री तुम्ही कुठेच नाही. उद्या वाद झाला, तर पासवर्ड तुमच्या वहीत होता एवढीच गोष्ट लोकांच्या लक्षात राहते.

जीएसटी प्रॅक्टिशनरचा खरा फायदा मला इथे दिसतो. कलम 48 आणि नियम 83 खाली नोंदणी झाली की तुमचं स्वतःचं लॉगिन मिळतं. पार्टी पोर्टलवरून तुम्हाला नेमते आणि नको असेल तेव्हा तिथूनच काढते. आर-वन, थ्रीबी, चलन, परताव्याचा अर्ज, नोंदणीतला बदल ही कामं तुमच्या नावाने होतात. त्यातही परतावा किंवा नोंदणीबदल असेल तर पोर्टल पार्टीची संमती मागतं. तुमच्या वहीतले दहा पासवर्ड खोडता येतील, एवढ्या एका कारणासाठी मी कुणालाही ही नोंदणी घ्यायला सांगेन.

गैरसमज : बीकॉम आहे, अर्ज केला की विषय संपला.

अर्ज करायला पदवी पुरते, हे खरं. वाणिज्य, विधी, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापनातली मान्यताप्राप्त पदवी असलेला भारतीय नागरिक पीसीटी-01 या फॉर्ममध्ये अर्ज करू शकतो. पण नोंदणी मिळणं वेगळं आणि ती टिकणं वेगळं. नियम 83 ने नोंदणी टिकण्याचा संबंध परीक्षेशी जोडलेला आहे, आणि ही परीक्षा 'नासिन' ही केंद्राची अकादमी घेते. आपण कोणत्या गटातून अर्ज करतोय आणि त्या गटाला कोणती मुदत लागू आहे, हे अधिसूचनेत वाचूनच अर्ज भरावा. मित्राचं झालं तसंच माझंही होईल, असं धरून चालू नये. मित्र जुना विक्रीकर प्रॅक्टिशनर असेल तर त्याचा गटच वेगळा असतो.

गैरसमज : प्रॅक्टिशनरने भरलं म्हणजे चूक त्याची.

असं व्यापाऱ्यांना वाटतं, आणि काही प्रॅक्टिशनरही त्यांना तसंच वाटू देतात. कलम 48च्या तिसऱ्या पोटकलमात अगदी उघड लिहिलं आहे, की प्रॅक्टिशनरने भरलेल्या रिटर्नमधल्या तपशिलांच्या बिनचूकपणाची जबाबदारी नोंदणीकृत व्यक्तीवरच राहते. याचा अर्थ प्रॅक्टिशनर मोकळा, असाही नाही. त्याने पुरेशी काळजी घेऊन काम करायचं असतं, आणि गैरवर्तन सिद्ध झालं तर बाजू ऐकून घेऊन त्याची नोंदणी रद्द होऊ शकते. काम घेतानाच हे पार्टीला साध्या मराठीत सांगावं.

प्रमाणपत्राने नजर येत नाही, हेही याच जागी सांगायला हवं. मध्यंतरी एक हार्डवेअरवाले आले. सव्वा लाखाचं बिल, माल गोदामात पोचलेला, पैसे दिलेले, तरी टूबीमध्ये क्रेडिट नाही. पुरवठादार शपथेवर सांगत होता, "मी आर-वनमध्ये दाखवलंय." बिल समोर ठेवून जीएसटी क्रमांक अक्षर-अक्षर वाचला. सुरुवातीचे 27 म्हणजे महाराष्ट्र, पुढची दहा अक्षरं पॅनची, सगळं बरोबर. तेराव्या जागी 1 हवा होता, तिथे 2 होता. यांच्या एकाच पॅनवर दोन दुकानांच्या दोन वेगळ्या नोंदण्या होत्या, आणि बिल दुसऱ्या दुकानावर फाडलं गेलं होतं. पुरवठादाराकडून पुढच्या आर-वनमध्ये दुरुस्ती करून घेतली, मग क्रेडिट दिसलं. ही चूक बीकॉम झालेल्या एका मुलीने पकडली. तिच्याकडे तेव्हा कुठलंच प्रमाणपत्र नव्हतं. तिला मी म्हणालो, आता तू नोंदणी घे. काम आधीच येत होतं, फक्त ते तिच्या नावावर यायला हवं होतं.

गैरसमज : जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणजे छोटा सीए.

नाही. आयकराच्या टॅक्स ऑडिटवर सही सीएचीच चालते, आणि कितीही वर्षं रिटर्नं भरली तरी ती सही आपली होत नाही. उलट बाजूनेही एक जुना समज अजून फिरतो, की जीएसटीआर-9सी सीएकडूनच प्रमाणित करून घ्यावा लागतो. ती अट 2020-21 या आर्थिक वर्षापासून गेली. आता करदाता स्वतःच ते प्रमाणित करतो. मर्यादा माहीत असलेला प्रॅक्टिशनर मला जास्त भरवशाचा वाटतो. "हे माझ्या हातचं नाही, सीएकडे चला," असं म्हणणाऱ्याकडे पार्टी परत येते.

गैरसमज : ईए म्हणजे अमेरिकेचा सीए.

अमेरिकेत सीएच्या जागी सीपीए असतो. ईए, म्हणजे एन्रोल्ड एजंट, हा फक्त करापुरता आणि तिथल्या संघीय महसूल खात्यापुढे करदात्याची बाजू मांडण्याचा परवाना आहे. त्याचा उगम ऐकण्यासारखा आहे. तिथल्या यादवी युद्धानंतर, युद्धात घोडे गेले, मालमत्ता गेली, असे भरपाईचे दावे सरकारकडे येऊ लागले, आणि त्यात खोटे दावे करणारे दलालही घुसले. त्यांना आवर घालायला 1884 साली कायदा झाला, आणि या परवान्याची मुळं त्यात आहेत. आयकराचं काम त्याच्याकडे नंतर आलं.

आज परीक्षेचे तीन भाग आहेत : व्यक्तींचा कर, व्यवसायांचा कर, आणि प्रतिनिधित्वाची कार्यपद्धती. पदवीची अट नाही. परवाना मिळाल्यावर दर तीन वर्षांत 72 तासांचं शिक्षण पूर्ण करावं लागतं. पुण्या-मुंबईत अमेरिकी फर्मांसाठी रिटर्नं तयार करणाऱ्या ऑफिसांत तुम्ही असाल, किंवा तिथे जायचं पक्कं असेल, तर ईए उपयोगाचं आहे. जानेवारीपासून 15 एप्रिलपर्यंतचा हंगाम आणि संध्याकाळनंतर सुरू होणारं काम घरच्यांना मान्य आहे का, हे मात्र फी भरण्याआधी विचारा. आणि तुमच्या सगळ्या पार्ट्या लक्ष्मी रोडवरच्या असतील, तर ईएचा तिथे कायद्याने काडीचाही उपयोग नाही.

अनेकांना वाटतं की आपल्याला कराचंच काहीतरी करायला हवं, आणि त्यांचं निम्मं काम मात्र गृहनिर्माण सोसायट्यांचं असतं. अशांनी जीडीसीए पाहावं. सहकार खात्याची ही पदविका, सोबत पदवी आणि सोसायट्यांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असेल, तर महाराष्ट्राच्या सहकार कायद्याखाली प्रमाणित लेखापरीक्षक होता येतं. मराठीचं कामापुरतं ज्ञान ही त्यातली अटच आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत, म्हणजे 31 जुलैपर्यंत, प्रत्येक सोसायटीचं लेखापरीक्षण व्हावं लागतं, आणि सोसायट्या आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. इथे कागद तुम्हाला खरोखरच सहीचा हक्क देतो.

एक करून पाहा. पुढचे तीन महिने एका वहीत फक्त ती कामं लिहा, जी तुमच्याकडे आली आणि केवळ हक्क नाही म्हणून तुम्हाला सोडावी लागली. सोसायटीचं ऑडिट, परताव्याचा अर्ज, अमेरिकेतल्या भाच्याचं रिटर्न, जे असेल ते. ज्या कामाच्या नोंदी सर्वांत जास्त, तोच कागद घ्या. वही कोरी राहिली तर यंदा परीक्षा देऊ नका. तो वेळ टूबीचा मेळ घालायला आणि नवा आयकर कायदा वाचायला द्या. आणि अर्ज भरायचं ठरलंच, तर क्लासच्या माहितीपत्रकाआधी कलम 48 आणि नियम 83 स्वतः वाचा. दोन्ही केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत.