नाव आठवत नाही, युद्ध आठवतंय: हरवलेली विज्ञान कादंबरी शोधायची कशी?

सिडकोतल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याच्या बाबांनी शाळेत असताना, 1980च्या आसपास, एक मराठी विज्ञान कादंबरी वाचली होती. एक सैनिक अंतराळात लढायला जातो आणि परत येतो, तर पृथ्वीवर शेकडो वर्षं उलटलेली. कव्हर नव्हतं, शेवटची पानंही फाटलेली. बाबा आजही विचारतात, "त्या सैनिकाचं पुढं काय झालं रे?"

गूगल इथं फारसं कामाचं नाही. अशा बहुतेक जुन्या पुस्तकांचा मजकूर नेटवर आलेलाच नाही. मग मी काय केलं, ते सांगतो.

एक, कथानकातला सगळ्यात वेगळा धागा पकडा. यानं आणि लेसर सगळीकडेच असतात. इथला धागा आहे काळाचा. आइन्स्टाइनच्या 1905च्या सिद्धांतानुसार प्रकाशाच्या जवळपास वेगानं जाणाऱ्या यानात काळ हळू सरकतो. प्रवाशाची काही वर्षं, तेवढ्यात पृथ्वीवर शतकं. यावर उभी असलेली गाजलेली युद्धकादंबरी म्हणजे जो हाल्डमन यांची 'द फॉरेव्हर वॉर', 1974ची. हाल्डमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढून आलेले.

दोन, इंग्रजी मूळ सापडलं तरी मराठी पुस्तक सापडलं असं होत नाही. आपल्याकडं रूपांतराची जुनी परंपरा आहे, भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न असाच मराठीत आणला. रूपांतरात नावं-गावं बदलू शकतात. लेखकाचं नावही फसवतं. जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, ती 'नारायण विनायक जगताप' या नावानं!

तीन, ती कादंबरीच होती का? 'नवल', 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांत विज्ञानकथा यायच्या. बाबांना विचारा: पान मोठं होतं का? मध्ये जाहिराती होत्या का?

चार, कुठं शोधायचं? शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूची 1950ला थांबते, म्हणून इथं उपयोगाची नाही. पण 1954च्या कायद्यानुसार प्रकाशकानं प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यायची असते. आधी मात्र आपल्याच शहरातलं बलवंत वाचनालय आणि मराठवाडा साहित्य परिषद गाठा. ग्रंथपालांना गोष्ट सांगा, शीर्षक नाही.

मराठी प्रत मला अजून मिळालेली नाही. पण गोष्ट हाल्डमन यांचीच असेल, तर बाबांना शेवट सांगा: ते युद्ध गैरसमजातून सुरू झालेलं निघतं. आणि त्याची मैत्रीण? तीही वेगवान यानात फेऱ्या मारत, स्वतःचा काळ हळू करून, त्याची वाट बघत थांबलेली असते.

आता तुमचं काम. दिवाळीच्या साफसफाईत जुने अंक किलोच्या भावानं रद्दीत जातात. त्याआधी एकदा अनुक्रमणिकेचा फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. कुणाची तरी फाटलेली शेवटची पानं तुमच्या माळ्यावर असतील.