नाताळचे स्वस्त प्रेमपट : गुण आणि उणिवा

शेवट आधीच ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्यात कसली गोडी, असा प्रश्न चिकित्सक मंडळी नेहमी करतात. घरोघरचा अनुभव मात्र निराळा आहे. श्रावणातली कहाणी सुफळ संपूर्णच होणार, हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असते. तरीही ती दर वर्षी सांगितली जाते आणि त्याच आवडीने ऐकली जाते. अलीकडे आपल्या घरांतील पडद्यांवर अशीच एक ठरीव शेवटाची कथा परदेशातून येऊन दाखल झाली आहे. हिवाळा सुरू झाला, की अमेरिकेतील दूरचित्रवाहिन्यांवर आणि इंटरनेटवरील चित्रपटसेवांवर नाताळच्या प्रेमपटांची रांग लागते. थोड्या पैशांत आणि थोड्या दिवसांत तयार होणारे हे चित्रपट कोणी मनोभावे पाहतो, तर कोणी त्यांची टिंगल करतो. त्यांच्या जमेस काय धरावे आणि खर्ची काय टाकावे, याचा शांतपणे विचार करणे उपयुक्त ठरेल.

दुर्गाघाटाचा दाखला

हा विचार काशीच्या दुर्गाघाटापासून सुरू करण्यास सबळ कारण आहे. ब्रह्माघाट आणि पंचगंगाघाट यांच्यामध्ये वसलेला हा घाट अठराव्या शतकात पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित यांनी बांधविला. नाना फडणविसांच्या नावाचा वाडा येथेच आहे. या परिसरातील गल्ल्यांत महाराष्ट्रातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी ब्रह्मचारिणी देवीच्या दर्शनासाठी येथे रीघ लागते, आणि कार्तिकी पौर्णिमेला शेजारच्या पंचगंगेवरील दगडी दीपस्तंभ पणत्यांनी उजळतो. दर वर्षी तीच तिथी, तीच वाट आणि तीच आरती. परंतु त्या पुनरावृत्तीचा कंटाळा कोणास येत नाही. उलट, ती चुकली तर वर्षच सुने गेल्यासारखे वाटते.

याच वाराणसीत मराठीतील एक अत्यंत लोकप्रिय प्रेमकथा लिहून पूर्ण झाली. संत एकनाथांच्या ‘रुक्मिणीस्वयंवरा’ची समाप्ती शके १४९३ मध्ये, म्हणजे इसवी सन १५७१ मध्ये, रामनवमीस येथे झाली. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथाचे, विवाह जुळावा म्हणून, उपवर मुलींनी पारायण करावे, असा प्रघात महाराष्ट्रात पुढे पडला. कीर्तनकारांनी तर हे आख्यान गावोगावी नेले. त्यासाठी ना राजवाड्याचा देखावा लागला, ना खरा रथ. देवळाचा सभामंडप, पेटी, तबला, टाळ आणि बुवांची वाणी, एवढ्यावर कौंडिण्यपूर उभे राहिले. श्रीकृष्ण येणार आणि रुक्मिणीला घेऊन जाणार, हे श्रोत्यांना बुवा उभे राहण्यापूर्वीच माहीत असे. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. खर्च कमी असणे हा दोष नव्हे आणि शेवट ठरलेला असणे हाही दोष नव्हे. नाताळच्या प्रेमपटांत दोष असेलच, तर तो अन्यत्र शोधला पाहिजे.

साचा आणि हिशेब

या चित्रपटांचा साचा थोडक्यात असा. मोठ्या शहरात नोकरी करणारी तिशीतील नायिका नाताळसाठी आपल्या लहानशा गावी परतते. तेथे एक दुकान, खानावळ किंवा शेत बंद पडण्याच्या बेतात असते. ते सावरू पाहणारा, साध्या वेषातला, मनाने निर्मळ असा तरुण तिला भेटतो. आरंभी खटके उडतात. पुढे झाडाची सजावट, बिस्किटे भाजणे, बर्फातील खेळ असे प्रसंग येतात. मग एक गैरसमज होतो. आणि नाताळच्या आदल्या रात्री, बर्फ भुरभुरत असताना, दोघांचे मीलन होते.

हा साचा अमेरिकेतील हॉलमार्क वाहिनीने प्रतिष्ठित केला. शुभेच्छापत्रे छापणाऱ्या जुन्या कंपनीच्या नावाची ही वाहिनी २००१ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून तिने नाताळपूर्व चित्रपटांची वार्षिक मालिकाच आरंभिली. दहा वर्षांत, म्हणजे २०१९ च्या हंगामात, नव्या चित्रपटांची संख्या ४० च्या घरात गेली. एवढे चित्रपट कसे निघतात? एकेका चित्रपटाचे चित्रीकरण साधारण दोन-तीन आठवड्यांत आटोपले जाते. पुष्कळसे काम कॅनडात होते आणि तेही बहुधा ऐन उन्हाळ्यात. लोकरी कोट व गळपट्टा घातलेले नट घामाघूम होत असतात आणि पडद्यावरचा बर्फ फेस, कागद किंवा कुटलेला बर्फ पसरून तयार केलेला असतो. पात्रे मोजकी, गावाचा चौक एकच, घरे दोन-चार. हा हिशेब ध्यानात घेतला, म्हणजे कथेत गर्दी, प्रवास आणि मोठी संकटे का टाळली जातात, तेही समजते.

जमेची बाजू

पहिला गुण कौटुंबिकतेचा. आजी, सून आणि शाळकरी नात एकत्र बसून निःसंकोचपणे पाहू शकतील असे चित्रपट आज फार नाहीत. येथे हिंसा नाही, शिवराळपणा नाही. आणि कोणी मधेच उठून चहा ठेवायला गेले, तरी गोष्टीचा धागा सुटत नाही.

दुसरा गुण सांत्वनाचा. दिवसभराच्या धावपळीनंतर, आजारपणात किंवा एकाकीपणात, पुढे काय वाईट घडेल या धास्तीविना गोष्ट पाहता येणे, हेही एक सुख आहे. २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ हा चित्रपट आला. तो ५३ प्रेक्षकांनी सलग १८ दिवस रोज पाहिल्याचे त्या संस्थेनेच थट्टेने जाहीर केले आणि तुम्हाला कोणी दुखावले आहे, अशा अर्थाचा प्रश्न त्यांना केला. प्रेक्षकांच्या खाजगी आवडीची अशी जाहीर चेष्टा पुष्कळांना रुचली नाही, हे योग्यच झाले. परंतु त्या चेष्टेत एक सत्यही दडलेले होते. एखादा माणूस तीच गोड गोष्ट पुन्हा पुन्हा मागतो, तेव्हा त्याला बहुधा कशाचा तरी विसर हवा असतो.

तिसरा गुण कारागिरीचा. वर्षाकाठी इतके चित्रपट निघत असल्यामुळे अनेक लेखक, दिग्दर्शक, सुतार, शिंपी आणि प्रकाशयोजनाकार यांना काम मिळते. मोठ्या चित्रपटांनी तिशी-चाळिशीनंतर बाजूला सारलेल्या अभिनेत्रींना येथे नायिकेची भूमिका लाभते. प्रेम हे केवळ विशीचे लेणे नव्हे, एवढे तरी हे चित्रपट मान्य करतात.

उणी बाजू

आता खर्चाची बाजू. पहिली उणीव प्रतिनिधित्वाची. दीर्घकाळ या चित्रपटांतील नायक-नायिका जवळजवळ नेहमीच गोऱ्या व सुखवस्तू असत. इतर वर्णांची माणसे मित्र-मैत्रिणींच्या भूमिकांपुरती येत. टीका झाल्यानंतर, विशेषतः २०२० च्या सुमारास, या चित्रात बदल होऊ लागला. तरीही स्वयंपाकघरातील ऐसपैस ओटा, भेटवस्तूंचा डोंगर आणि घराबाहेरची रोषणाई पाहून प्रश्न पडतोच, की या गावात उधारीवर सण करणारे एकही घर नसेल काय?

दुसरी उणीव नोकरीविषयीच्या दृष्टीची. नायिकेची शहरातील नोकरी ही तिच्या मनाला जडलेली व्याधी आणि गावातील तरुण हे त्या व्याधीवरील औषध, असे गणित वारंवार मांडले जाते. ज्या घरांतील मुली शिक्षणासाठी व नोकरीसाठी दूरच्या शहरांत राहतात, त्यांनी हे गणित तपासून घ्यावे. आपल्या कामावर निष्ठा असणे म्हणजे कोरडेपणा नव्हे.

तिसरी उणीव सर्वांत मोठी आहे. या कथांतील अडचण खोटी असते. नायिका अर्धवट संभाषण ऐकते आणि रुसते. दोन वाक्यांत जे मिटले असते, त्यासाठी अर्धा तास खर्ची पडतो. कोणाला काही गमवावे लागत नाही आणि म्हणून कोणी काही मिळवीतही नाही. ‘रुक्मिणीस्वयंवरा’शी याची तुलना करून पाहावी. तेथे सख्खा भाऊ विरोधात उभा आहे, शिशुपालाशी लग्न ठरले आहे, वऱ्हाड दारात आले आहे. रुक्मिणी स्वतः पत्र लिहून ते ब्राह्मणाच्या हाती द्वारकेस धाडते, आणि उत्तर न आल्यास प्राण ठेवणार नाही असा तिचा निश्चय आहे. शेवट ठाऊक असूनही श्रोत्याचा श्वास रोखला जातो, तो या खऱ्या अडचणीमुळे.

अडचण खरी असेल तर

खुद्द नाताळच्या प्रेमपटांतही याचे उत्तम उदाहरण आहे. १९४० मध्ये अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाचा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ प्रदर्शित झाला. गोष्ट बुडापेस्टमधील एका छोट्या दुकानाची. तेथील दोन नोकरांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. आणि तेच दोघे नाव न कळविता एकमेकांना प्रेमपत्रे लिहीत असतात. गोष्ट इतकी हलकीफुलकी असूनही ती मनात राहते. कारण त्या दुकानात प्रत्येकाला नोकरी जाण्याची भीती आहे. मालकाने प्रामाणिक मत विचारले, की बालबच्चांचा धनी असलेला एक कारकून हळूच जिना चढून पसार होतो. प्रेक्षक हसतो, परंतु तो का पळतो, हेही त्याला उमगते. नायकाला ऐन नाताळच्या तोंडावर कामावरून काढून टाकले जाते. घरात कोणी न उरलेला वृद्ध मालक नाताळच्या रात्री दुकानाच्या दारात उभा राहून प्रत्येक नोकराला बेत विचारतो, आणि अखेर नव्याने लागलेल्या पोरक्याशा पोऱ्याला जेवायला घेऊन जातो. देखावा एका दुकानाचा. पण त्यात सारे जग सामावले आहे.

आपल्याकडे सण आणि प्रेम यांची अशीच गाठ काशीत पडली. हैदराबादच्या मराठी कुटुंबात वाढलेले नीरज घेवान यांचा ‘मसान’ हा पहिला चित्रपट २०१५ मध्ये आला आणि कान येथील महोत्सवात त्याने दोन पुरस्कार मिळविले. वाराणसीच्या घाटांवर चितेचे काम करणाऱ्या डोम समाजातील दीपक आणि उच्चवर्णीय घरातील शालू यांची प्रीती दुर्गापूजेच्या जत्रेत फुलते. गर्दीतून तो लाल फुगा तिच्या दिशेने सोडतो, तीही एक सोडते. खर्च म्हणाल तर दोन फुग्यांचा! नाताळच्या प्रेमपटांत शोभेल असाच हा प्रसंग आहे. फरक एवढाच, की या दोघांमध्ये गैरसमज उभा नाही, जात उभी आहे. आणि पुढे मृत्यूही. म्हणून तो फुगा प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढून हलत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी, म्हणजे तरुणांनी प्रेमाचा सण मानलेल्या दिवशीच, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ महाराष्ट्रात प्रदर्शित झाला होता. त्यातही जत्रा आहे, नवे कपडे आहेत आणि शालूच नावाच्या मुलीच्या नजरेस पडण्याची जब्याची धडपड आहे. या दोन्ही चित्रपटांचा शेवट गोड नाही. परंतु गोड शेवटाला ‘खोटा’ ठरविण्यासाठी त्यांची नावे येथे घेतलेली नाहीत. छोट्या चित्रपटालाही मोठी अडचण पेलता येते, एवढेच त्यांवरून दाखवायचे आहे. लुबिचने तीच गोष्ट गोड शेवटासह साधली आणि एकनाथांनी तर साडेचारशे वर्षांपूर्वीच साधली होती.

पारख घरच्या घरी

मग नाताळचे हे प्रेमपट पाहावेत की नाही? अवश्य पाहावेत. २५ डिसेंबरला वाराणसीच्या छावणी भागातील सेंट मेरी महागिरिजाघरापाशी सर्व धर्मांच्या लोकांची जत्रा लोटते. दुसऱ्याच्या सणात आनंदाने सामील होण्याची आपली रीत जुनीच आहे. पाहून झाल्यावर मात्र घरातील मुलांसमवेत एका प्रश्नाची चर्चा करावी. या दोघांची वाट कोणी अडविली होती आणि ती मोकळी करण्यासाठी त्यांनी काय पणाला लावले? उत्तर सापडले, तर चित्रपट स्वस्त असूनही मोलाचा समजावा. नाही सापडले, तर तो फराळाच्या ताटातील बत्ताशासारखा मानावा. बत्ताशाने तोंड गोड होते आणि सणाला तोही हवाच; पण पोट त्याने भरत नाही, हे त्या घरात जेवण रांधणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.